मॅडम उठल्या

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो एक चपटं खोकं घेऊन. मला वाटलं मोबाइल. उघडलं तर आत पाटीसारखं काळंकुळकुळीत घड्याळ. काटे नाहीत, आकडे नाहीत.

"बंद पडलंय का रे?"

"झोपलंय, आई. हात वर कर, जागं होईल."

हात वर केला की वेळ दिसते, खाली केला की जाते. म्हणजे किती वाजले हे बघायचं तर रिक्षा थांबवल्यासारखा हात करायचा. पहिल्याच आठवड्यात पोवई नाक्यावर मी वेळ बघितली आणि दोन रिक्षा थांबल्या.

माझं आधीचं घड्याळ एचएमटीचं. १९९४ साली पतसंस्थेत कॅशियर म्हणून लागले तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेलं. एचएमटीने १९६१ साली बंगळूरला घड्याळं करायला घेतली ती जपानच्या सिटिझन कंपनीचा हात धरून. वडिलांना त्याचं फार कौतुक. "जपानी हुन्नर आहे, दगा देणार नाही," म्हणायचे. दिला नाहीच. रोज सकाळी दात घासून झाले की चावी द्यायची, बाकी दिवसभर ते माझ्या भानगडीत पडत नसे. मी किती चालले, कशी झोपले, याची त्याने तीस वर्षांत एकदाही चौकशी केली नाही.

या नव्याने पहिल्या पाच मिनिटांत माझं वय, उंची आणि वजन विचारलं. वजन मी जरा हातचं राखून सांगितलं. पोराने शेजारून डोकावून ते दुरुस्त केलं. मग म्हणाला, "आता रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत. आणि हो, सगळे आकडे माझ्या मोबाइलवर पण दिसतील." ज्याचं प्रगतिपुस्तक मी बारा वर्षं सही करून शाळेत पाठवलं, त्याच्याकडे आता माझं रोज जाणार.

दहा हजार का, नऊ हजार आठशे का नाही, म्हणून मी शोधत बसले. वाटलं होतं कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरने हिशेब मांडला असेल. तर हेही जपानचंच निघालं. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, लोकांमध्ये व्यायामाची हवा तयार झाली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. झालं. नावाला शोभला म्हणून ठेवलेला आकडा साठ वर्षांनी साताऱ्यात मंगळवार पेठेत माझ्या मनगटावर येऊन बसला. इतकी वर्षं कॅशच्या खिडकीत बसून मला एवढं कळलंय की ज्या आकड्याच्या शेवटी नुसती शून्यं असतात, तो पुन्हा मोजून घ्यावा.

मोजायला मी पण बसले. चालून दमले आणि आकडा हलला नाही असं पहिल्यांदा मंडईत झालं. दोन्ही हातांत पिशव्या, एकीत कांदे-बटाटे, दुसरीत नारळ, आणि वर आमच्या घराचा चढ. घरी येऊन बघते तर घड्याळाच्या हिशेबी मी जवळजवळ बसूनच होते. हे पायाला बांधलेलं नाही ना, हाताला आहे. हात हलला की त्याला पाऊल वाटतं. पिशव्यांनी हात ताठ, म्हणून चालणं नाही. उलट पावसाळ्यातले खड्डे अजून बुजलेले नव्हते, तर स्कूटीवरून ऑफिसला जाताना शे-दीडशे पावलं आपोआप पडायची. नगरपालिकेने माझ्या तब्येतीची घेतलेली ही एवढीच काळजी.

खरा शोध मात्र भाकरीने लागला. घड्याळ डाव्या हाताला होतं. बांगड्यांशी त्याचं पटेना, सारखं किणकिणायचं, म्हणून एका संध्याकाळी उजव्या हाताला बांधलं आणि परातीत पीठ घेतलं. भाकरी थापताना उजवा तळवा एका लयीत पडत असतो, थप थप थप, डाव्या हाताने भाकरी फिरत असते. पाचवी भाकरी तव्यावर टाकून पाणी फिरवलं आणि सहज मनगट वर केलं तर चारशे दहा पावलं वाढलेली. मी जागची हललेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी नीट मोजलं. एका ज्वारीच्या भाकरीला सरासरी ऐंशी. बाजरीची जरा जास्त घेते, पीठ रगडावं लागतं ना. शुक्रवारच्या आरतीच्या टाळ्या दोनशे साठ. ताक घुसळणं फायद्याचं. वाती वळणं अजिबात परवडत नाही. तासभर वळा, शून्य.

त्या आठवड्यात घरच्यांनी सकाळ-संध्याकाळ भाकरीच खाल्ली. चौथ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "पोळी बंद केली का कायमची?" पोळी लाटताना दोन्ही हात सरळ पुढेमागे जातात, तिला पावलं कमी पडतात, हे नवऱ्याला कसं सांगणार? "ज्वारी चांगली असते," म्हटलं. तिकडे पुण्याहून फोन, "आई, काल नऊ हजार! कुठे गेली होतीस, अजिंक्यताऱ्यावर?" मी म्हटलं, "जवळपासच."

आता ऑफिसचं सांगते. या घड्याळाला तासभर बसलेला माणूस बघवत नाही. तास झाला की ते मनगटाला गुदगुल्या करतं आणि खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचं चित्र दाखवतं. कॅशियरचं काम म्हणजे बसणं. सकाळी दहाला बसायचं, जेवायला उठायचं, पुन्हा बसायचं. पण मुलाने बजावलं होतं, "मिनिटभर उभी तरी राहत जा."

तो दिवस नेमका ऊसबिल जमा झाल्याचा. आमच्याकडे ऊसबिल जमा झालं की रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत जाते. लग्नं, बी-बियाणं, पोरांच्या फिया, सगळं त्या एका दिवशी खिडकीशी येतं. बाराला दहा कमी असताना मनगटाला गुदगुल्या झाल्या. हातातलं बंडल संपवलं, स्लिपवर शिक्का मारला आणि उभी राहिले. नुसती उभी. काही केलं नाही.

खिडकीसमोर एकदम शांतता. मग पहिल्या नंबरचे टोपीवाले काका मागे वळून म्हणाले, "मॅडम उठल्या!"

पुढचं मला फक्त ऐकू येत होतं. "उठल्या?" "कोण उठलं?" "जेवायला निघाल्या वाटतं, बारा तरी वाजू द्यायचे!" "कॅश संपली का काय?" जिन्यापर्यंत जाईतो त्याचं "कॅश संपली" झालं होतं, आणि रस्त्यावर ते काय होऊन पोचलं देव जाणे, कारण पतसंस्थेबद्दल अफवा उठायला एवढंसुद्धा लागत नाही. केबिनमधून साहेब धावत बाहेर आले. चेहरा पांढरा.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही साहेब. घड्याळाने उठायला सांगितलं."

साहेबांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते बिचारं गप्प होतं. मग माझ्याकडे. मी बसले. बसताक्षणी मनगटावर अंगठा उंचावलेला एक पंजा आला, शाब्बास म्हणून.

त्यानंतर मी उठण्याआधी रांगेला सांगत जाते, "घाबरू नका, नुसती उभी राहतीय." महिन्याभरात गिऱ्हाइकं तयार झाली. परवा टोपीवाले काका स्वतःच म्हणाले, "मॅडम, बराच वेळ झाला की, उठा जरा. आम्ही थांबतो." मग मी उठले, आणि रांगेतल्या बाकावर बसलेल्या दोन आज्जीपण माझ्याबरोबर उठल्या. का, ते त्यांना माहीत नव्हतं.

निरोपांचाही एक घोळ आहे. मोबाइलवर काही आलं की ते मनगटावर दिसतं, पण या घड्याळाला देवनागरी येत नाही. मराठी अक्षराच्या जागी ते चौकोन काढतं. एका दुपारी नणंदेचा निरोप आला: एक ओळभर चौकोन आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. नणंदेचे सासरे महिनाभर अंथरुणाला खिळलेले. माझ्या हातातलं बंडल थांबलं. मोबाइल ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, समोर रांग. चौकोनांकडे बघून मी अर्धा तास मनात त्यांचे गुण आठवत राहिले. सुतकात येतं का, रजा टाकावी लागेल का, हेही ठरवून झालं. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला. "एकदाच्या चकल्या खुसखुशीत झाल्या!!!" सासरे ठणठणीत होते. त्यातल्या चार त्यांनीच खाल्ल्या होत्या.

पण मी या घड्याळावर खरी चिडले ती एका शनिवारी संध्याकाळी. दिवसअखेरची कॅश जुळेना. पाचशे कमी. ज्यांनी कॅश सांभाळलीय त्यांनाच कळेल की पाचशे कमी म्हणजे नुसते पाचशे नसतात. पैसे पदरचे भरता येतात, पण कुणाला जास्त दिले हा किडा रात्रभर डोक्यात वळवळतो. सगळी व्हाउचरं पुन्हा लावली. शंभरची बंडलं फोडून मोजली. मशीनवर एकदा, हाताने एकदा. पिग्मी एजंट दिवसभराचा भरणा घेऊन ताटकळलेला, शिपाईमामा शटरची किल्ली हातात खुळखुळवत उभे. आणि या सगळ्यात मनगट थरथरलं. ठोके एकशे अठरा. तुम्ही व्यायाम सुरू केलाय का, असं विचारत होतं.

मी उत्तर दिलं नाही. त्याने ओळखलं असावं, की बाई व्यायाम करत नाहीयेत. मग पडद्यावर एक निळं फूल आलं. फूल उमललं की श्वास घ्या, मिटलं की सोडा.

"श्वासाचं राहू दे," मी त्याला मोठ्याने म्हटलं, "पाचशे कुठायत ते सांग."

पिग्मी एजंटला वाटलं मी त्याला विचारतीय. तो बिचारा खिसे उलटे करून दाखवायला लागला. दिवसभर दुकानोदुकान चालणारा माणूस. त्याच्या हाताला हे बांधलं असतं तर दुपारीच दहा हजार झाले असते, पण त्याच्याकडे कुणी आकडे मागत नाही, भरणा मागतात. शेवटी नोट सापडली. बोटं ओली करायच्या स्पंजच्या डबीखाली, ओली होऊन टेबलाला चिकटलेली. घरी येऊन बघितलं तर घड्याळाने तेवढी बावीस मिनिटं व्यायामाच्या खात्यात जमा केली होती.

झोपेबद्दल काय सांगावं. सकाळी उठलं की ते रात्रीचे गुण देतं, शंभरपैकी. ह्यांचं घोरणं, सासूबाईंचं रात्री दोनदा उठणं, दुधाच्या गाडीचा आवाज, त्यामुळे माझी मजल साठाच्या पुढे जात नाही. वाईट याचं वाटतं की एखाद्या सकाळी अगदी ताजंतवानं वाटत असतं, तेवढ्यात हे चोपन्न दाखवतं, आणि मग मी दिवसभर चोपन्न गुणांसारखी वागते. तोवर पुण्याहून फोन आलेलाच असतो. "आई, काल पण कमीच?"

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांचा या घड्याळावर पहिल्यापासून डोळा, कारण रात्री त्याच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकतो. "काजवा बांधून झोपतीस," म्हणतात. त्यांना मी समजावून सांगितलं. रक्त लाल, ते हिरवा उजेड पिऊन टाकतं. ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, तेव्हा जास्त उजेड पिला जातो, कमी परत येतो. त्या कमी-जास्तावरून घड्याळ ठोके मोजतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे परत आलेला उजेड मोजतंय. उजेड तर कशावरनं पण परत येतोय. त्याला कसं कळतंय, खाली माणूस हाय का काय हाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओट्यावर उद्याच्या भाजीचा दुधी पडला होता, कोवळा, मानेला मनगटाएवढाच. सासूबाईंनी त्याच्याकडे बोट केलं. मी पट्टा घट्ट करून त्याला घड्याळ बांधलं. दिवा लुकलुकला, पडद्यावर ठिपके फिरले, आणि आकडा आला. चौऱ्याहत्तर.

"माझ्यापरीस बरी हाय नाडी," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसला, दार लावलं, आणि झोपायला गेले. सकाळी मनगट मोकळं. घड्याळ कुठे ठेवलं म्हणून शोधतीय तोच फोन वाजला.

"आई! ब्याण्णव! आठ तास झोप, त्यातली निम्मी गाढ! कूससुद्धा बदलली नाहीस! काय केलंस काय तू काल?"

मी ओट्याकडे बघितलं. तिथे तो तसाच पडला होता, पट्टा बांधलेला, पोटाखाली हिरवा उजेड लुकलुकत.

"काही नाही रे," मी म्हटलं, "जरा लवकर आडवी झाले."

फोन ठेवला आणि विळी पुढ्यात ओढली. दुधीला हात घालणार तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे आज," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गाढ झोपलंय लेकरू."