रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हणजे आपण सुटलो? वावाझोड्याच्या त्या मेसेजला उत्तर

बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत तो मेसेज एव्हाना पोचला असेल. 'वावाझोडं स्वतः ट्रॅक करा, हवामान खातं सांगत नाही अशा 7 गोष्टी.' वावाझोडं म्हणजे चक्रीवादळ. मूळ गुजराती, मग कुणीतरी घाईघाईत मराठी केलेला, शेवटचं 'वधु ने वधु शेर करो' तसंच राहिलेलं. मे-जून आला की फिरतो, दिवाळीच्या आधी परत फिरतो. मी सोडून दिला असता, पण मामीने तो तिच्या मुलीला पाठवला. माझी ही मामेबहीण सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाफराबादला असते, घरापासून बंदराचा धक्का चालत जाण्याइतका जवळ, दोन लहान पोरं. वर मामीची टीप, "वाचून ठेव, पुढच्या वेळी उगाच पोरांना घेऊन पळापळ नको." आता यावर गप्प कसं बसायचं?

मामीचा राग नाही. ज्याने हे लिहिलंय त्याचा आहे.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच आहे. 'नकाशावर जी रेघ असते तिच्यावर तुमचं गाव नसेल तर घर सोडू नका. रेघेभोवतीचा फिका पट्टा म्हणजे पाऊस, पट्ट्याच्या बाहेर काही होत नाही.' एका मुद्द्यात तीन चुका. ती रेघ फक्त वादळाच्या केंद्राची, आणि तीसुद्धा अंदाजाची. फिका पट्टा पावसाचा अजिबात नाही, केंद्र सरकून कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं ते तो सांगतो. मागच्या काही वर्षांत अंदाज सरासरी किती चुकले यावरून त्याची रुंदी ठरते, म्हणून जवळच्या वेळेला अरुंद आणि पुढे पुढे रुंद होत जातो. 24 तास आधीच्या अंदाजात केंद्र सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटर इकडेतिकडे होतं, तीन दिवस आधीच्यात साधारण दुप्पट. आणि ही झाली सरासरी, म्हणजे एखादं वादळ पट्टा सोडूनही जाऊ शकतं. बरं, हे सगळं नुसत्या केंद्राबद्दल चाललंय, वाऱ्याचा घेर त्याच्या बाहेर शेकडो किलोमीटर असतो तो वेगळाच.

मेसेजसोबत जो नकाशा जोडलाय तो तर बघण्यासारखा आहे. रेघ जाऊन थांबते कच्छमधल्या जखौला, म्हणजे हा जून 2023 च्या बिपरजॉय वादळाचा नकाशा. खालची तारीख-वेळेची पट्टी कापून टाकलीय, आणि त्याच्याबरोबर जे कोष्टक येतं तेही गायब. त्या कोष्टकात प्रत्येक वेळेसमोर अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वादळाची श्रेणी असते, शिवाय बुलेटिनमध्ये पोरबंदरपासून किती किलोमीटर, द्वारकेपासून किती, कुठल्या दिशेला, हे सरळ शब्दांत लिहिलेलं असतं. वाचायला कंटाळवाणं आहे, मान्य. पण कामाचं सगळं तिथेच असतं, आणि वादळ जवळ आलं की दर तीन तासांनी नवीन येतं. तारीख कापलेला नकाशा बघून वादळ ट्रॅक करायचं म्हणजे मागच्या वर्षीच्या पंचांगात यंदाची एकादशी शोधायची.

आता जाफराबादचंच घ्या. 17 मे 2021 च्या रात्री तौक्ते वादळ किनाऱ्यावर आलं ते दीव आणि उना यांच्या जवळ, वारा ताशी 160-170 किलोमीटर. जाफराबाद तिथून तीसेक किलोमीटर पूर्वेला, म्हणजे रेघ गावावरून गेलीच नाही. आणि तरी जाफराबाद-राजुल्याची काय दशा झाली ते मामीला मी सांगायची गरज नाही, तिची मुलगी तेव्हा तिथेच होती. त्याच दिवशी दुपारी मुंबईत शंभरच्या वर वारा होता, विमानतळ बंद ठेवायला लागला, आणि तौक्तेचं केंद्र मुंबईपासून शे-दीडशे किलोमीटर लांब समुद्रात होतं.

पूर्वेला जास्त का झालं त्यालाही कारण आहे. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ दक्षिणेकडून येऊन उत्तरेला सौराष्ट्रात घुसत असेल तर उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाणी ढकलत आणतो. डाव्या हाताला वारा जमिनीकडून समुद्राकडे. तेव्हा रेघेपासून तीस किलोमीटर 'बाहेर' असणं हे पूर्वेला आणि पश्चिमेला सारखं नसतं. हे त्या सात गोष्टींत कुठेच नाही.

आणि तरीही कुणाला रेघच धरून बसायची असेल तर त्याने कंडल्याचं वाचावं. 9 जून 1998. वादळ जमिनीवर आलं पोरबंदरच्या बाजूला. कंडला तिथून सरळ मोजलं तरी दीडशे किलोमीटरच्या वर, कच्छच्या आखाताच्या पार आतल्या टोकाला. तिथे समुद्र आत घुसला आणि मिठागरांवरची माणसं, झोपड्यांत राहणारी, बाहेरून कामाला आलेली, वाहून गेली. सरकारी आकडाच हजाराच्या वर आहे. निमुळत्या आखातात पाणी शिरलं की त्याला पसरायला जागा नसते, ते वरच चढतं, त्यात भरतीची वेळ जुळली तर बघायलाच नको. आपलं खंभातचं आखात तर भरती-ओहोटीसाठी प्रसिद्ध. बडोद्यातून कावी-कंबोईला सगळेच जाऊन आलेत, भरतीला स्तंभेश्वराची पिंड पूर्ण पाण्याखाली जाते आणि ओहोटीला चालत जाऊन दर्शन घेता येतं. साध्या दिवशी पाणी एवढं चढतं-उतरतं. वादळाचं पाणी त्याच्यावर येणार, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने वाऱ्याच्या आकड्याइतकीच भरतीची वेळ बघायची असते.

दुसरा मुद्दा बंदरावरच्या सिग्नलचा, हा वाचून मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. '3 नंबरचा सिग्नल म्हणजे 10 पैकी 3, किरकोळ. 7 च्या पुढे गेला तरच घाबरायचं.' अहो, परीक्षेचे मार्क आहेत का ते? 1 आणि 2 म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. 3 आणि 4 म्हणजे आता खुद्द बंदराला धोका. 5, 6, 7 धोक्याचे, आणि त्यांच्यातला फरक जोराचा नाहीच, बाजूचा आहे: 5 म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डाव्या हाताला राहणार, 6 म्हणजे उजव्या, 7 म्हणजे वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार. 8, 9, 10 मध्ये हाच क्रम परत, फक्त वादळ जास्त मोठं. 11 म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. मघाशी डावं-उजवं सांगितलं ते आठवत असेल तर 5 आणि 6 मध्ये काय फरक पडतो ते कळेल. जाफराबादच्या कुठल्याही खारव्याला, म्हणजे समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला विचारा, तो हे आपल्यापेक्षा चांगलं सांगेल. तो असले मेसेज वाचत नाही, 'दरियो न खेडवो' (समुद्रात जाऊ नका) अशी सूचना आली की बोट आत घेतो.

तिसरा. 'वारा एकदम थांबला की वावाझोडं गेलं समजा, बाहेर पडून नुकसान बघून घ्या.' याच्यावर जास्त लिहीत नाही कारण लिहिताना डोकं फिरतं. वारा *एकदम* थांबला तर बहुतेक वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर आलाय. तो वीस-चाळीस किलोमीटर रुंद असू शकतो, वादळ ताशी पंधराच्या वेगाने सरकत असलं तर तासभर, कधी जास्तही शांतता, आकाशसुद्धा उघडतं. लोक पत्रे गोळा करायला, बोटीचे दोर बघायला बाहेर येतात. मग डोळ्याभोवतीच्या जोरदार वाऱ्याच्या कड्याची दुसरी बाजू येते आणि वारा उलट्या दिशेने येतो, म्हणजे ज्या भिंतीच्या आडोशाला तुम्ही उभे होता तीच आता तोंडावर. वादळ खरंच गेलं की वारा हळूहळू पडतो. सरकारी माणूस सांगेपर्यंत आतच बसायचं, बस.

चौथ्यात अर्धं खरं आहे, ते नाईलाजाने मान्य करतो. 'हवामान खातं मार्ग सारखा बदलतं, 2019 ला वायूच्या वेळी लाखो लोकांना उगाच हलवलं.' हो, वायू नावाचं ते वादळ वेरावळच्या बाजूला येणार होतं, 13 जूनला ते किनाऱ्याला न धडकता समुद्राकडे वळलं, आणि तीन लाखांच्या आसपास माणसं हलवली होती. पुढे तेच कमजोर होऊन कच्छकडे आलं. पण 'उगाच' कसं? वळेल हे आदल्या दिवशी खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हतं. वादळाला स्वतःचं इंजिन असलं तरी स्टिअरिंग नसतं, वरच्या थरातले वारे ढकलतील तिकडे ते जातं, आणि दोन बाजूंचे वारे सारख्या जोराचे असले की ते तिथेच घुटमळतं. बिपरजॉयने हेच केलं. 6 जूनला तयार झालं, 15 जूनला जखौजवळ आलं, मधले दिवस कराची की ओमान की कच्छ हेच चाललेलं. तेव्हाही एक लाखाच्या आसपास माणसं हलवली आणि वादळ खरंच आलं. अंदाज बदलतो कारण नवीन माहिती येते. बदलला नाही तर मात्र घाबरायला हवं.

विंडी या हवामानाच्या ॲपबद्दलचा पाचवा. मीसुद्धा विंडी बघतो, दोन-तीन दिवसांसाठी छान आहे. पण 'दहा दिवस आधी जांभळा गोळा दिसला की वावाझोडं नक्की' हे नाही हो. ते एका मॉडेलचं एका वेळचं गणित आहे, खालचं बटण दाबून युरोपचं मॉडेल बदलून अमेरिकेचं लावा, तोच गोळा कधी कोकणात जातो, कधी गायब होतो. स्क्रीनशॉट काढणारा कुठलं मॉडेल ते कधीच लिहीत नाही.

सहावा, उपग्रहाच्या फोटोत लाल म्हणजे सगळ्यात गरम आणि सगळ्यात जोराचा वारा. उलट आहे, त्या चित्रांत लाल बहुतेक वेळा ढगांचे सगळ्यात उंच आणि सगळ्यात थंड माथे असतात. पुढे.

सातवा खास आपल्यासाठी जोडलाय: 'बडोद्याला समुद्र नाही, बडोदेकरांनी ट्रॅक बघायचीच गरज नाही.' समुद्राचं पाणी बडोद्याच्या मांडवीत येणार नाही, एवढं खरं. पण ऑगस्ट 2024 विसरलात का इतक्यात? ते डीप डिप्रेशन (वादळाच्या एक पायरी खालचा कमी दाबाचा पट्टा) समुद्रातून आलंच नव्हतं, जमिनीवरून मध्य प्रदेश-राजस्थानच्या बाजूने आपल्यावर येऊन रेंगाळलं, शहरातली विश्वामित्री नदी 35 फुटांच्या पुढे गेली, अर्ध्या शहरात पाणी, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मगरी. मग तीच प्रणाली कच्छ ओलांडून अरबी समुद्रात उतरली आणि 30 ऑगस्टला तिचं वादळ झालं, 'आसना'. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात वादळ 1976 नंतर पहिल्यांदाच. टीव्हीवर आसनाची रेघ झळकायला लागली तेव्हा ती आपल्यापासून लांब चालली होती आणि इथे लोक घरातला गाळ उपसत होते. तेव्हा बडोद्यात बसून बघायचं असेल तर जिल्ह्याचा पावसाचा इशारा बघा आणि आजवा तलावाची आणि विश्वामित्रीची पातळी बघा, आणि काही विचारायचंच असेल तर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर 1077 आहे. किनाऱ्यावर आपलं कुणी असेल तर त्यांना तिथल्या मामलतदाराचं ऐकू द्या.