दुपारी तीन वाजता घरात कोण असतं?

संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकतो, नाहीतर झोप यायची नाही.

मित्र, वहिनी आणि काकू (मित्राची आई, वय ७६, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली) यांच्यासोबत आज नागपुरातली दोन घरं पाहायला गेलो होतो. एक बेसा रोडच्या आतल्या बाजूला नवीन डुप्लेक्स, २० बाय ५० चा प्लॉट, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती लागलेल्या, तोंड पश्चिमेला. दुसरं त्रिमूर्तीनगरला १४ वर्षं जुन्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा थ्री बीएचके. किमती जवळपास सारख्या.

डुप्लेक्सचा हॉल पाहून सगळे खूश झाले. छत थेट वरच्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत, झुंबर, मोठी काच. मग वरच्या खोल्या पाहायला निघाले. काकू चार पायऱ्या चढल्या आणि पाचवीवर बसल्या. कठडा अजून लागायचाच होता, म्हणून एक हात भिंतीवर टेकवलेला. "तुम्ही पाहून या रे. घर छान आहे." वर-खाली जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या बाजूने जात होता आणि दर वेळी काकू एकेक गुडघा हाताने उचलून बाजूला घेत होत्या. आणि तो दाखवणारा पोरगा वरून ओरडतोय, "आजी, वर येऊन तर पाहा, बेडरूम एक नंबर आहे!"

मी टेप काढून तो जिना मोजला. पायरीची उंची पावणेआठ इंच, पाऊल ठेवायची जागा नऊ इंच. एकूण १६ पायऱ्या, म्हणजे १० फूट ४ इंच चढण. तीच चढण साडेसहा इंची पायऱ्यांनी करायची तर १९ पायऱ्या लागतात, आणि पायरी दहा-अकरा इंच रुंद हवी. तीन पायऱ्या वाचवल्या, हॉल दोन-अडीच फुटांनी मोठा दिसला. वळणावर चौकोनी थांबा द्यायला हवा होता, तिथे तीन तिकोनी पायऱ्या बसवल्यात. त्यांचं आतलं टोक तीन इंचाचं. उतरताना माणूस नेमका आतल्या बाजूने वळतो, टाच बसायला जागा मिळत नाही आणि पाय सटकतो. तेही गुळगुळीत पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर, पुढच्या कडेला एक खाचसुद्धा न मारता. माणूस चढताना कमी, उतरताना जास्त पडतो. रात्री बाथरूमला उठलेला माणूस तर नक्कीच.

खाली लेट-बाथ आहे म्हणे. आहे, जिन्याखाली. आत कमोडवर बसलेला माणूस उभा राहिला की डोकं जिन्याच्या स्लॅबला लागतं. चौकट सव्वादोन फुटांची, पल्ला उघडल्यावर मोकळी वाट राहते दोन फूट. चाकाची खुर्ची साधारण २५ इंच रुंद असते. आत जाणारच नाही. वरून पल्ला आत उघडणारा. म्हातारं माणूस आत पडलं तर तेच पल्ल्याला आडवं येतं आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. ज्याच्या घरी हे झालंय त्याला विचारा. तुमच्या घरी असा पल्ला असेल तर सुताराला बोलवा आणि बाहेर उघडणारा करून घ्या, बिजागऱ्या फिरवायचं आणि चौकटीची खाच बुजवून उलट्या बाजूला पट्टी मारायचं काम आहे, एका दिवसात होतं.

हे सगळं त्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, आजींची खोली समोरच्या मार्जिनमध्ये काढून देऊ ना, वरून पत्रा टाकू."

पत्रा. पश्चिमेला. नागपुरात.

इथे माझा आवाज चढला, हे कबूल करतो. मंजूर नकाशात मार्जिन मोकळी सोडायची असते, उद्या नोटीस आली तर ती खोली पाडावी लागेल, हा भाग वेगळाच. पण पश्चिमेच्या उन्हात पत्र्याखाली आईला ठेवायचं, आणि हे तोंडाने बोलायचं? काकू तेव्हा पाचव्या पायरीवरच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

आता उन्हाचं बोलू, कारण नागपूरकरांनी घर घेताना पहिल्यांदा हेच पाहायला पाहिजे आणि आपण शेवटी पाहतो. साधारण २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. २६ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर. म्हणजे दुपारी ऊन खातो तो स्लॅब, आणि दोननंतर पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीची भीती नाही, उन्हाळ्यात दोन फुटी छज्जा ती आरामात सांभाळतो आणि डिसेंबरात खालून हवंहवंसं ऊन आत येतं. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा काही उपयोग नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटी छज्जा खिडकीचा वरचा एक फूटसुद्धा पुरता झाकत नाही. आणि डुप्लेक्सच्या तिन्ही बेडरूम वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली, त्यातली सगळ्यात मोठी पश्चिमेला, फरशीपासून छतापर्यंत काच. स्लॅब दुपारी तापतो आणि ती गरमी खाली सोडत बसतो रात्री, आपण झोपायला गेल्यावर.

फ्लॅटच्या वर आणखी दोन मजले आहेत. ऊन त्यांच्या डोक्यावर. पश्चिमेला जिना, लिफ्ट आणि बाथरूम, बेडरूम पूर्वेला आणि उत्तरेला. ज्याने हा नकाशा काढला त्याला नागपूर माहीत होतं.

एसी लावू, असं वहिनी म्हणाल्या. लावा. पण दिवसभर घरात असणारी काकू एसी लावून बसणाऱ्यातली नाही, तिला कूलर पाहिजे, आणि आपल्या शहरातल्या निम्म्या काकूंचं हेच आहे. कूलरचा हिशेब सोपा: खोलीचं घनफूट काढा, निम्मं करा, दर मिनिटाला तेवढी घनफूट हवा फेकणारा कूलर घ्या. १२ बाय १५ चा हॉल, दहा फूट उंच असला तर १८०० घनफूट, म्हणजे ९०० चा कूलर पुरे. हाच हॉल वीस फूट उंच केला की थेट १८०० चा लागतो, आणि एवढं करूनही थंड हवा खाली बसते, गरम हवा जिन्याच्या पोकळीतून वरच्या बेडरूममध्ये जाते. वर दुसरा कूलर. त्याला पाणी कोण भरणार? वरती कूलरजवळ नळाची लाइन काढलेलीच नाही, मी पाहिलं. बादल्या. शिवाय कूलरला हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला खिडकी उघडी लागते, नाहीतर दोन तासांत घर दमट होतं आणि चादरी चिकटायला लागतात. दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती असल्यावर खिडक्या फक्त पुढे आणि मागे. मधली जेवणाची जागा दिवसाही लाइट लावून.

कपड्यांचंच घ्या. कपडे निघतात वरच्या बेडरूममध्ये. मशीन खाली, किचनच्या मागे. वाळत घालायचे गच्चीवर. म्हणजे कळकट कपडे घेऊन १६ पायऱ्या खाली, ओल्या कपड्यांची बादली घेऊन दोन मजले वर, वाळले की पुन्हा खाली. रोज. हे वहिनी करणार किंवा कामवाली बाई करणार, मित्र करणार नाही. वहिनींच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या मागे वळून जिन्याकडे पाहत राहिल्या. तिथे काकू बसलेल्या.

"पण जागा किती मोठी आहे!" नाही बावा. १४०० चौरस फूट म्हणतात ते दोन्ही मजल्यांचे सातशे-सातशे. वर हॉलच्या जागी १८० चौरस फुटांचं भोक आहे, तिथे पाय ठेवता येत नाही. जिना दोन्ही मजल्यांवर मिळून १४४. भिंती सव्वाशेच्या आसपास. उरले साडेनऊशे. फ्लॅटचा कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, १०५०. रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या नाही, बाल्कनीही नाही. म्हणून दोन्हीकडे एकच हिशेब लावा, टेप स्वतः धरा. फ्लॅटच्या बेडरूम "लहान" आहेत, १० बाय ११. सहा बाय साडेसहाचा पलंग टाकला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट राहतात, आणि पायथ्याशी दोन फुटी कपाट ठेवूनही मध्ये अडीच फुटांची वाट राहते. माणसाला झोपायला आणखी किती लागतं?

हो, डुप्लेक्समध्ये जमीन स्वतःची असते. मान्य. गच्ची स्वतःची, कुरड्या-पापड घालायला कोणाला विचारावं लागत नाही, तेही मान्य. फ्लॅटमध्ये लिफ्ट बंद पडली की काकू दुसऱ्या मजल्यावर अडकणार, हे मलाही दिसतं. म्हणून आज तिथे पहिला प्रश्न तोच विचारला: लाइट गेली तर लिफ्ट बॅकअपवर चालते का, आणि देखभालीचा करार चालू आहे का. बॅकअप आहे, कराराची पावती दाखवली. तिथला जिनाही मोजला, साडेसहा इंची, दोन्ही बाजूंना कठडा. काकू मधल्या थांब्यावर दम घेत जाऊ शकतात. वरच्यांची बाथरूम गळायची शक्यता फ्लॅटमध्येही असतेच, म्हणून छताच्या कोपऱ्यात पिवळे डाग आहेत का ते नीट पाहिलं. डुप्लेक्समध्ये मात्र तुमचीच वरची बाथरूम तुमच्याच किचनवर आहे. घ्यायचंच असेल तर आधी नहाणीचं तोंड बंद करा, दोन इंच पाणी भरा, दोन दिवस ठेवा आणि मग खाली ओट्यावर उभं राहून छत पाहा. नवा रंग मारलेला असला तरी ओल लपत नाही.

आणि तळमजल्याची खोली हाच उपाय वाटत असेल तर जोतं मोजा. रस्त्यापासून किमान दीड-दोन फूट पाहिजे. आज रस्ता डांबरी आहे, उद्या सिमेंटचा झाला की तो उंच होतो आणि तुमचं जोतं तेवढंच बुटकं होतं, मग पावसाचं पाणी सरळ दारात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तळमजल्यावरच्या घरांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बेशाकडे काळी मातीही बरीच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याखाली मुरूम नीट ठोकला नसेल तर दोन उन्हाळ्यांत फरशी खाली बसते आणि भिंतीच्या कडेने बोटभर फट पडते. आज त्या घराच्या मागच्या दाराजवळ अशी केसासारखी रेघ दिसलीच. "छपाईची भेग आहे" म्हणाले, म्हणजे वरच्या प्लास्टरची. भेग तिरपी होती, दाराच्या कोपऱ्यातून निघालेली. नुसती छपाईची भेग अशी जात नाही, ती जाळ्यासारखी पसरते.

मित्रावर रागावलोय असं वाटत असेल, पण नाही. त्याचं काय चुकलं? पोरीला स्वतःची खोली पाहिजे, दारात स्वतःची गाडी पाहिजे, आयुष्यभर दोन खोल्यांत काढल्यावर माणसाला उंच हॉलची हौस असणारच. आणि घर दाखवणारे बोलावतात संध्याकाळी सातला. ऊन गेलेलं, एसी दोन तास आधीपासून लावलेला, झुंबर पेटलेलं. त्या वेळी कोणतंही घर चांगलंच दिसतं. राग आहे तो त्या नकाशाचा, ज्यात सातला येणाऱ्या पाहुण्याचा विचार केलाय आणि दुपारी तीनला आत असलेल्या बाईचा केलेला नाही. मित्र दहाला ऑफिसला जातो, पोरगी कॉलेजला, वहिनी शाळेत. मग त्या घरात राहतं कोण? काकू. दिवसाचे आठ-नऊ तास ते घर एकट्या काकूंचं असतं, आणि त्यात त्यांना वापरता येणार होता एक हॉल, एक किचन आणि डोकं आपटणारा संडास.

परत येताना गाडीत काकू म्हणाल्या, "मला काऊन विचारता? तुम्हाला आवडलं न, मग झालं. मी काय, खाली दिवाणावर झोपीन." मित्राने गाडी प्रतापनगरजवळ बाजूला घेतली आणि थोडा वेळ नुसता बसून राहिला. कोणीच काही बोललं नाही. मग त्याने मला विचारलं, "रविवारी येतोस का, दुपारी?"

तर रविवारी दुपारी तीनला दोन्ही घरं पुन्हा पाहायची ठरलीत. एसी बंद ठेवा असं आधीच फोन करून सांगितलंय. काकू सोबत येणार आहेत. टेप आहे, उंबऱ्याची पातळी पाहायला पाण्याची नळी घेतोय, आणि डिकीत एक प्लास्टिकची खुर्ची टाकायची आहे, कारण दोन्ही रिकाम्या घरांत काकूंना बसायला काही नाही.