गुडघ्यातले पाणी तपासण्याआधी गोळी नको

आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलून दीड वर्ष झाले होते, तेव्हा टाक्यांच्या जुन्या व्रणाच्या खालच्या टोकाला हरभऱ्याएवढी पुळी आली. दोन दिवसांत ती फुटली, लुगड्यावर पिवळसर डाग पडू लागले आणि परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळे करतात तेच आम्ही केले : मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. पुळी बसली आणि महिन्याभराने त्याच जागी पुन्हा आली. आठ महिन्यांत चार वेगवेगळी अँटिबायोटिक्स झाली. त्यांतली दोन डॉक्टरांनीच लिहून दिली होती, पण सांध्यातले पाणी काढून तपासू, असे एकानेही म्हटले नाही, याचा मला आजही राग येतो.

ती पुळी कातडीची नव्हतीच. आतल्या पुवाने बाहेर पडायला केलेली ती वाट होती. कृत्रिम सांध्याच्या धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्याला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातले जंतू इतके संथ वाढतात, की एरवी त्यांना मारणाऱ्या औषधाच्या शेकडो पट मात्रेतही ते तग धरतात. गोळीने थराबाहेरचे जंतू मरतात, सूज उतरते, घरातले सुटकेचा श्वास सोडतात. आणि जे उरतात त्यांत त्या औषधाला न जुमानणारे वरचढ होत जातात.

शिवाय गोळ्या चालू असताना पाणी काढले, तर कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू बहुधा उगवतच नाहीत. आमचा पहिला रिपोर्ट असाच कोरा आला. छत्रपती संभाजीनगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी आईची तब्येत पाहून दोन आठवडे सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या, पुन्हा पाणी काढले, तेव्हा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस सापडला. हा आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहणारा जंतू. पण रिपोर्टमध्ये आम्ही दिलेल्या चारपैकी तीन औषधांपुढे ‘आर’ लिहिले होते, म्हणजे त्यांचा उपयोग संपला होता.

सांधे बदललेल्या शंभरांत साधारण एक-दोघांनाच हा संसर्ग होतो, म्हणून शस्त्रक्रियेला घाबरू नका, असे मी गावात आवर्जून सांगतो. मात्र बदललेला गुडघा सुजला, गरम लागला किंवा पाझरू लागला, तर पहिली गोळी घेण्याआधी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे जा आणि पाणी तपासायला पाठवण्याविषयी स्वतःहून विचारा.

आईचा सांधा काढावा लागला. सध्या तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे सांध्याची जागा तात्पुरती धरून ठेवणारा तुकडा, आहे, सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांपैकी चार आठवडे झाले आहेत, आणि वॉकर धरून ती ओसरीपर्यंत येते.