५१ मिनिटं

परवा विमानात हवाईसुंदरीने मला दटावलं. "सर, प्लीज इतर प्रवाशांना घाबरवू नका." मला! जो रिक्षावाल्याला "मीटर टाका" म्हणतानाही आवाज खाली घेतो, त्या मला!

नागपूरहून मुंबईला येत होतो. सोनेगाव विमानतळावर बसल्या बसल्या मोबाईलवर हवाई अंतर काढलं. सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर. ताशी ८०० ने भागलं, ५१ मिनिटं. हे ज्ञान खिशात ठेवायचं, तर मी शेजारच्या काकांना दिलं. काका पहिल्यांदाच विमानात, मांडीवर संत्रा बर्फीचे चार डबे.

"५१? पन्नासावर एक?" त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातातच धरलं.

चाकं उचलल्यापासून बरोबर ५१ मिनिटांनी कोपरखळी. "झाले न भाऊ. काऊन उतरवून नाही राहिला?"

मी समजावलं, की चढताना-उतरताना विमान हळू असतं, दहा हजार फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० च्या आसपास.

"मंग तुम्ही ८०० नं काऊन भागलं?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग विमान वळलं. पुन्हा वळलं. "ते तळं मघाशी बी दिसलं होतं बाप्पा!" मी हळूच म्हटलं, मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, म्हणून वर रांग लागते. काकांनी ते आख्ख्या विमानाला सांगितलं. "पायलटले उतराले जागा नाही भेटून राहिली! हे साहेब म्हणतात!" मागच्या आजींनी रामरक्षा सुरू केली. कुणीतरी बटण दाबलं. पुढचं वर आलंच आहे.

उतरलो, तर घोषणा झाली की आपण दहा मिनिटं लवकर पोहोचलो! कारण तिकिटावर वेळच एक तास चाळीस मिनिटं लिहिलेली. घिरट्या आधीच हिशोबात धरलेल्या. मीही ऑफिसची वेळ साडेदहाची बारा करून घेतली, तर रोज लवकर पोहोचेन. आणि एवढं लवकर येऊन पंचवीस मिनिटं उभे, कारण विमान लावायला जागा नाही. मग बस. तीही उभ्यानेच. दोन तास आधी विमानतळावर या, पुढे अंधेरी ते डोंबिवली वेगळं. घर ते घर साडेसात तास झाले. समृद्धीवरून ७०१ किलोमीटर, गाडी आठ तासांत येते म्हणतात, आणि तिथे पाय तरी पसरता येतात.

बॅगांच्या पट्ट्यापाशी काका पुन्हा शेजारी. "भाऊ, सामान किती मिनिटात येते?"

मी चक्क हिंदीत म्हणालो, "मालूम नहीं."

"बरं," काका म्हणाले, आणि घड्याळ काढून हातात धरलं.