मनगटावरची गाठ फटक्याने का जात नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: 'मनगटावरची गाठ म्हणजे साचलेलं पाणी. हात टेबलावर ठेवा आणि जाड पुस्तकाने एकच जोरात हाणा, पाणी अंगात जिरतं. धाडस नसेल तर रुपयाचं नाणं घट्ट बांधा. डॉक्टरकडे जाऊ नका, सुई लावली किंवा कापली की कॅन्सर होतो.' एकेक वाक्य घेऊ.

'साचलेलं पाणी.' पाणी नव्हे. या गाठीला गँग्लियन म्हणतात आणि आत पारदर्शक, जेलीसारखा द्राव असतो, सांध्यातल्या वंगणाहून दाट. ती कातडीखाली सुटी पडलेली नसते, हे जास्त महत्त्वाचं. साधारण ६० ते ७० टक्के गाठी मनगटाच्या मागच्या बाजूला येतात आणि बहुतेक स्कॅफॉइड व ल्युनेट या दोन लहान हाडांना बांधणाऱ्या लिगामेंटपासून एका देठाने निघतात. देठातून द्राव गाठीत येतो, पण सहजी परत जात नाही. हाताला काम पडलं की गाठ टरारते, विश्रांती मिळाली की थोडी बसते.

'जोरात हाणा.' उपाय जुना आहे. इंग्रजी मुलखात घरातलं जाडजूड बायबल यासाठी वापरत, म्हणून 'बायबल सिस्ट' हे नाव पडलं. फटक्याने गाठ कधीकधी फुटते, हे खोटं नाही. पण देठ जागच्या जागी राहतो आणि गाठ पुन्हा भरते. वर मनगट सुजतं, लिगामेंट दुखावते, नेम चुकला तर हाडही मोडू शकतं. गाठ तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी असेल तर असला प्रयोग मुळीच नको. नाडी बघतो ती धमनी तिथे गाठीला खेटून जाते. या जागी सुई घालायला अनुभवी सर्जनही बिचकतात.

'नाणं बांधा.' दाब असेपर्यंत गाठ चपटी दिसते, दाब सोडला की पुन्हा वर. घट्ट बांधलं तर अंगठ्याच्या मागे मुंग्या येतात, कारण कातडीची एक नस तिथूनच जाते.

'डॉक्टरकडे जाऊ नका.' यात अर्धं सत्य आहे. दुखत नसेल तर उपचार न करणं हाही रीतसर उपचारच आहे. काही वर्षांत जवळपास निम्म्या गाठी आपोआप जातात. दुखत असेल तर दोन-तीन आठवडे स्प्लिंट, म्हणजे मनगट हलू न देणारा आधार, वापरावा, पण महिनोन्‌महिने नको, स्नायू ढिले पडतात. सूर्यनमस्कारात किंवा दंड काढताना मनगट मागे वाकवून भार टाकला की कळ येते. तेव्हा मुठीवर, मनगट सरळ ठेवून करा.

मात्र गाठ गँग्लियनच आहे ना, हे एकदा दाखवून घ्यायला हवं. अंधारात मोबाइलचा टॉर्च गाठीच्या कडेला टेकवला तर गँग्लियन बहुधा उजळते, घट्ट मांसल गाठ उजळत नाही. ही ढोबळ चाचणी झाली, निदान नव्हे. शंका असेल तर सोनोग्राफी करतात. आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो. तळहाताकडची सूज मनगटावर कातडीखाली आडव्या जाणाऱ्या पट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे असेल, एकीकडे दाबल्यावर दुसरीकडे फुगत असेल, तर तो स्नायूंच्या दोऱ्यांच्या आवरणाचा क्षय असू शकतो. त्यावर पुस्तक आपटणं म्हणजे निदान लांबवणं. गाठ झपाट्याने वाढली, लाल-गरम झाली किंवा बोटं बधिर पडली तर थांबू नका.

'सुई लावली, कापली की कॅन्सर.' गँग्लियन हा कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होतही नाही. सुईची खरी अडचण वेगळी. जेली बारीक सुईतून येत नाही, म्हणून भूल देऊन १६ किंवा १८ गेजची जाड सुई लागते. तरीही निम्म्याहून अधिक गाठी परततात, कारण पुन्हा तोच देठ. सोबत स्टेरॉइड दिल्याने फारसा फरक पडत नाही, उलट कातडी पांढुरकी पडून खळगा राहू शकतो. घरी शिवणाची सुई खुपसणाऱ्यांना जंतुसंसर्ग थेट सांध्यात पोचवण्याचा धोका असतो.

ऑपरेशनमध्ये देठ आणि त्याच्या मुळाशी सांध्याच्या आवरणाचा छोटा तुकडा काढतात. नुसता फुगा काढला तर ते ऑपरेशन वाया. नीट केलं तरी साधारण दहापैकी एक-दोन जणांना गाठ परत येते. व्रण दुखरा राहणं आणि मनगट आखडणं हेही होतं. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. बोटं मात्र त्याच दिवसापासून हलवायची.