जसा मतदार तसा नेता? दोन ग्रुपना मिळून एकच उत्तर

एकच मेसेज परवा मला दोन ग्रुपवर आला. आधी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या ग्रुपवर, तासाभरात पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर. मंडळीच्या ग्रुपवर त्याच्याखाली जोडलेले हात आणि ‘आमेन’. तालमीच्या ग्रुपवर दात काढणारे पिवळे चेहरे, आणि एकानं थेट मलाच विचारलेलं, ‘काय भावा, डोनाल्डतात्या म्हंजे तुमचा आदर्श व्हय?’

मेसेज लांबलचक आहे, ऐवज एवढाच: जसा समाज तसा नेता. ख्रिस्ती मतदार मूल्यं बघून मत देतो, म्हणून त्यानं निवडलेला नेता हा त्या मूल्यांचा आरसा असतो. अमेरिका बघा, नागालँड, गोवा, केरळ बघा. ख्रिस्ती मतं एकगठ्ठा पडतात. आणि आपला माणूस सत्तेत असेल तरच आपली मूल्यं सुरक्षित. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’.

मी एकालाही पाठवला नाही. माझा कोल्हापूरच्या शाहूपुरीत छपाईचा धंदा आहे. पुढाऱ्यांची पत्रकं आणि फ्लेक्स यांच्यावर आमचं निम्मं वर्ष चालतं, त्यामुळे नेता आणि मूल्यं यांची गाठ कुठं आणि कशी मारली जाते ते जरा जवळून बघितलंय. म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा, अमेरिकेचा आरसा. इथं जरा थांबतो, कारण मेसेजचा सगळा भार याच खांबावर आहे.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले जिमी कार्टर बॅप्टिस्ट, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाचे होते. नुसते नावाचे नव्हे. नव्वदी ओलांडल्यावरही जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या छोट्या गावी रविवारी संडे स्कूल शिकवत होते. मूल्यांचा आरसा म्हणून कुणाला भिंतीवर टांगायचं असतं तर यांनाच टांगायला हवं होतं. १९८० च्या निवडणुकीत ते उभे होते. समोर रोनाल्ड रेगन: हॉलिवूडचे नट, घटस्फोट झालेला, चर्चला जाणं बेताचंच. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलला काटेकोर धरून चालणाऱ्या प्रॉटेस्टंट) मतदारांचा कल रेगन यांच्याकडे गेला. का गेला याची कारणं आहेत. गर्भपाताचा प्रश्न होता, ख्रिस्ती शाळांच्या करसवलतीचा होता, महागाई होती, इराणमधल्या ओलिसांची नामुष्की होती. कारणं खोटी नव्हती. पण त्यात ‘हा माणूस आमच्यासारखा आहे’ हे कारण नव्हतं. आमच्यासारखा होता तो हरला.

२०१६ मध्ये तेच, जरा ठळक. एक्झिट पोलनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या आठांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिलं. तीन लग्नं, कॅसिनोचा धंदा, बायकांबद्दल काय बोलले त्याची टेप मतदानाच्या महिनाभर आधीच गाजलेली. मेसेज लिहिणारा म्हणतो हा आरसा. आता यातलीच एक गोष्ट ऐका. पीआरआरआय नावाची तिकडची सर्वेक्षण करणारी संस्था आहे. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा लोकप्रतिनिधी सार्वजनिक कामात नीतीनं वागू शकतो का, असा प्रश्न तिनं २०११ मध्ये विचारला होता. गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. २०१६ च्या ऑक्टोबरात तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ७२ टक्के. पाच वर्षांत दहा आज्ञा बदलल्या नाहीत, बायबल बदललं नाही. उमेदवार बदलला. आरशासमोर उभा कोण आणि काचेत कोण, हे मेसेजमध्ये उलटं लागलंय.

तिकडच्या काही उपदेशकांनी तर ट्रम्प यांना कोरेश राजाची उपमा दिली. आमच्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: बायबलातल्या यशयाच्या ४५ व्या अध्यायात हा पर्शियाचा, म्हणजे जुन्या इराणचा राजा येतो. देवाला न ओळखणारा, तरी देवानं हाताशी धरलेला, कारण बाबेलातल्या (बॅबिलोनमधल्या) यहुदी बंदिवानांना त्यानं घरी जाऊ दिलं. उपमा नीट बघा. कोरेश कामाचा होता. कोरेशासारखं वागा असं कुठल्याही संडे स्कूलमध्ये शिकवलेलं मला तरी आठवत नाही. म्हणजे ज्यांनी मत दिलं त्यांनीच ही उपमा देऊन मान्य केलं की आम्ही आरसा निवडत नाही, हत्यार निवडतोय.

आणि ‘अमेरिकेतला ख्रिस्ती मतदार’ म्हणताना मेसेजवाला कृष्णवर्णीयांची चर्चेस साफ विसरलाय. तेच शास्त्र, उपासना आपल्यापेक्षा लांब, आणि मतं दर वेळी फार मोठ्या बहुमतानं समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षाला. मग आरसा नक्की कुठला धरायचा?

तालमीतल्या मित्राला इथंच उत्तर देतो. नाही, डोनाल्डतात्या माझा आदर्श नाहीत. पण तुझा टोमणा अगदीच पोकळ नाही, तेही कबूल करतो. समाज कुणाला निवडतो त्यावरून त्याची मूल्यं कळत नाहीत. निवडलेल्या माणसाचं काय काय पोटात घालतो, त्यावरून मात्र थोडंफार कळतं. ते ७२ टक्के मला टोचतात. फक्त हाच गज घेऊन तू जरा आपल्या पेठेतही फिरून ये. आपल्या आवडत्या पुढाऱ्याचं आपण काय काय पोटात घातलंय, त्याची यादी दोघांनी मिळून करू, मिसळ माझ्याकडून.

दुसरा मुद्दा, एकगठ्ठा मतं. हे थोडक्यात उरकतं.

नागालँडमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार जवळजवळ ८८ टक्के लोक ख्रिस्ती, त्यातही बॅप्टिस्टांचा जोर. २०१८ च्या विधानसभेआधी तिथल्या बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलनं पक्षाध्यक्षांना खुलं पत्र लिहिलं: पैसा आणि विकास यांच्या बदल्यात श्रद्धेचा सौदा करू नका. रोख भाजपकडे होता. निकाल लागला तेव्हा आधीच्या सभागृहात एका जागेवर निवडून आलेल्या भाजपच्या १२ जागा होत्या. २०२३ मध्ये पुन्हा १२. मग २०२४ च्या लोकसभेला त्याच नागालँडनं एकुलती एक जागा काँग्रेसला दिली. पाळकांच्या सांगण्यावरून हलणारा गठ्ठा असा वागत नाही. भाजपला मत देणाऱ्यांनी धर्म सोडला असंही नाही. रविवारी चर्चेस भरलेलीच होती.

केरळची गंमत आणखी वेगळी. १९५९ मध्ये शिक्षण कायद्यावरून तिथलं चर्च कम्युनिस्ट सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलं आणि त्या आंदोलनानंतर सरकार बरखास्त झालं. ख्रिस्ती मतांवर उभी राहिलेली केरळ काँग्रेस १९६४ मध्ये निघाली, आणि ती इतक्यांदा फुटली की आमच्याकडच्या आघाड्या-बिघाड्या तिच्यापुढं काहीच नाहीत. २०२० मध्ये जोस के. मणी यांचा गट त्याच कम्युनिस्टांच्या आघाडीत जाऊन बसला, पी. जे. जोसेफ यांचा गट समोरच्या आघाडीत राहिला. दोघांचे मतदार चर्चमध्ये एकाच रांगेत उभे राहून प्रभूभोजन (भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद) घेणारे.

कोल्हापुरात तर गठ्ठा बांधायला माणसंच नाहीत. अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आत, ११ लाखांहून कमी. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून धरलं तरी आम्ही मूठभर ते मूठभरच. आणि त्या मुठीत एकमत? उपासना सुटल्यावर चहाला दहा जण उभे राहिले की अकरा पक्ष निघतात. २०२४ च्या लोकसभेला मंडळीतल्या एकाच घरात नवरा गादीला, म्हणजे शाहू छत्रपतींना मत देऊन आला आणि बायको समोरच्याला. दोघांनी दुपारी एकत्र बिर्याणी खाल्ली.

तिसरा मुद्दा, ‘आपला माणूस’. हा मुद्दा आमच्या मंडळीच्या ग्रुपला फार गोड लागला, म्हणून जरा कडू बोलतो.

गोवा लांब नाही, आंबोली उतरलं की आलाच. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना बसमधून फिरवलं: पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस, बेतीचा दर्गा. तिन्ही ठिकाणी शपथ घेतली की निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. ११ जण निवडून आले. सप्टेंबरात त्यातले ८ भाजपमध्ये गेले. त्यात दिगंबर कामत होते तसे मायकल लोबोही होते. देवीसमोरची शपथ ज्या भावात गेली, त्याच भावात क्रुसासमोरचीही गेली. आडनाव लोबो असल्यानं ती जास्त टिकाऊ निघाली नाही.

मेसेजच्या बाजूनं बोलेल असं उदाहरण मला एकच सापडलं, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं. मिझोराममध्ये चर्चच्या आग्रहामुळे १९९५ मध्ये दारूबंदीचा कायदा आला. म्हणजे मूल्य थेट कायद्यात उतरलं. पण पुढं वाचा. २०१४ मध्ये ललथनहवला यांच्या सरकारनं बंदी उठवून परवान्याची पद्धत आणली. ललथनहवला ख्रिस्तीच. २०१८ मध्ये सत्ता गेली, झोरामथंगा आले, २०१९ मध्ये बंदी परत. झोरामथंगाही ख्रिस्तीच. बंदी लावणारा आपला, काढणारा आपला. कुणाला निवडलं म्हणजे मूल्य जपलं? बंदी असतानाही दारू मिळत होतीच, ती वेगळी गोष्ट. हातभट्टीला धर्म नसतो.

अमेरिकेत जो बायडन हे जॉन केनेडी यांच्यानंतरचे दुसरे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. रविवारचा मिस्सा न चुकवणारा माणूस. २०२० मध्ये कॅथलिक मतं जवळजवळ निम्मी-निम्मी वाटली गेली, आणि पुढच्या वर्षी तिथले बिशप यांच्यासारख्यांना प्रभूभोजन द्यावं की नाही यावर वाद घालत होते. केनेडींनी तर १९६० मध्येच ह्यूस्टनला प्रॉटेस्टंट पाळकांसमोर स्पष्ट सांगितलं होतं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, माझ्या पक्षाचा उमेदवार आहे, कॅथलिक आहे ही माझी बाब.

आता घरचं. कोल्हापुरात आमच्या पोरांना शिक्षणाची दारं कुणी उघडली? मिशननं, हे खरंच. पण शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला मदत केली, त्यात ख्रिस्ती मुलांचंही होतं. १९०२ मध्ये ५० टक्के नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या त्याही याच राजानं. तो ‘आपला माणूस’ नव्हता. इतकंच काय, राजाराम कॉलेज त्यांनी १९१९ मध्ये आर्य समाजाकडे चालवायला दिलं, म्हणजे आमच्या मिशनऱ्यांचे जे कट्टर विरोधक त्यांच्याकडे. राजा होता, मतं मागायची नव्हती, हे धरूनच बोलतोय. तरीही न्याय मिळाला तो आपलेपणातून नाही.

आणि जे मिळालं नाही, तेही बघा. दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्या हिंदूंपुरत्या ठेवल्या. शिखांना १९५६ मध्ये मिळाल्या, बौद्धांना १९९० मध्ये. आमचे आजोबा, वडील ज्या पक्षाला डोळे मिटून मतं देत आले, त्याची सरकारं दिल्लीत किती वर्षं होती ते मोजा. आदेशातली ती ओळ तशीच आहे. इतकी वर्षं मतं देऊन आमच्या घरातला हा सगळ्यात जुना प्रश्न कुठल्या आरशात दिसला?

२०१८ च्या डिसेंबरात, नाताळाच्या दोन दिवस आधी, चंदगड तालुक्यातल्या कोवाडला घरात चाललेल्या रविवारच्या प्रार्थनेवर तोंडं बांधलेल्या लोकांनी हल्ला केला, माणसं जखमी झाली. त्या घराला त्या घटकेला हवा होता तो वेळेवर पोहोचणारा पोलीस. तो कुठल्या चर्चला जातो हे कुणी विचारलं नसतं.

राहता राहिला तो सोपा पुरावा: नेते आमच्या सणांना येतात, शुभेच्छा देतात, म्हणजे आमची मूल्यं त्यांना कळतात, असं मंडळीतल्या एका काकांनी लिहिलंय. काका, तुमचा मान राखून दुकानातली एक गोष्ट सांगतो. पुढाऱ्याचा शुभेच्छा फ्लेक्स ही आमच्याकडे एकच फाईल असते. दिवाळीला त्यात आकाशकंदील, ईदला चंद्रकोर, नाताळला चांदणी. फोटो तेच, हात जोडलेले तेच, ‘शुभेच्छुक’च्या खालची गर्दी तीच. पोरगं पाच मिनिटांत बदलून देतं.

एका वर्षी मार्चमध्ये एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता आला. म्हणाला, चर्चच्या चौकात लावायचाय, दहा बाय आठ, मजकूर ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’. मी म्हटलं, अहो, हा सण नाही, त्या दिवशी प्रभूला क्रुसावर दिलं. तो गप्प झाला. खरंच ओशाळला बिचारा. मग एकदम चेहरा उजळला.

‘म्हंजे पुण्यतिथीच म्हणा की! मग ‘विनम्र अभिवादन’ टाका.’

चूक म्हणता येईना. काळ्या पार्श्वभूमीवर साधा क्रूस, खाली ‘विनम्र अभिवादन’, त्याच्याखाली अकरा कार्यकर्त्यांचे हसरे फोटो. गुरुवारी रात्री लागला. बिल अजून यायचंय.