साथ आली की घरपट्टीची शास्ती का थांबत नाही?

नगरपरिषदांच्या निवडणुका एकदाच्या झाल्या. बहुतेक गावांत 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, 21 ला निकाल लागले आणि कित्येक वर्षं प्रशासकाच्या सहीवर चाललेल्या कारभारात पुन्हा सभागृह आलं. निवडून आलेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. रस्ते, गटारं, हायमास्ट, चौक सुशोभीकरण यावर बोलणारे भरपूर आहेत. मला एकच विचारायचंय. उद्या पुन्हा कोरोनासारखी साथ आली, तर गावातल्या माणसाला आधार द्यायला आपल्या नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात काय आहे?

2020 मध्ये जवळपास काहीच नव्हतं. त्या वर्षीचं अंदाजपत्रक नेहमीसारखं फेब्रुवारीत मंजूर झालं आणि 25 मार्चपासून देश बंद झाला. छोट्या गावात मार्च म्हणजे वसुलीचा महिना. भोंगा लावलेली रिक्षा फिरते, नळ तोडायच्या नोटिसा निघतात, गाळ्यांना सील ठोकलं जातं. वर्षाची निम्मी वसुली याच दिवसांत होते म्हटलं तरी चालेल. नेमके तेच दिवस गेले. जकात बंद झाल्यापासून या नगरपरिषदा सरकारच्या सहायक अनुदानावर जगतात, आणि त्यातला मोठा वाटा पगारात जातो. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न चारच गोष्टींचं: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं आणि आठवडी बाजाराची वसुली. चारही एकदम आटले. वरून 4 मे 2020 चा वित्त विभागाचा शासन निर्णय आला. त्या वर्षीच्या निधीपैकी 33 टक्केच मिळणार, नवीन कामं बंद.

खर्च मात्र रोज नवा. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची फवारणी, गल्ल्या बंद करायला बांबू आणि पत्रे, विलगीकरण केंद्रातला दोन वेळचा डबा, सफाई कामगारांना किट, आणि पुढे सरणाची लाकडं. वित्त आयोगाच्या पैशांतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. मग कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कुठल्या खात्यातून, काय टाकायचं यावर फायली फिरत राहिल्या. कायद्यात वाट नाही असं नाही. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 58(2) खाली नगराध्यक्षाला तातडीच्या वेळी सभेची वाट न बघता काम करून घेता येतं. पण अधिकार असून उपयोग काय, तिजोरीत त्यासाठी रुपया बाजूला काढलेला नसेल तर?

आता माणसाला काय मिळालं ते बघा. रेशन केंद्राकडून आणि राज्याकडून आलं, शिवभोजन थाळी 5 रुपयांवर आणली गेली, तिने खरोखर पोटं भरली. गावातल्या तरुण पोरांनी किराण्याची किट घरोघर पोचवली, त्यांचं ऋण मोठं आहे. नगरपरिषदेकडून मिळाली ती भरायला थोडी मुदत. शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, तशीच. नगरपरिषदेच्या थकबाकीवर महिन्याला 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के शास्ती लागते. 3,000 रुपयांची घरपट्टी दोन वर्षं थकली तर नुसती शास्ती 1,440. ज्याचं सलून सरकारी आदेशाने बंद होतं, त्याने ही शास्ती कशासाठी भरायची? तो कर चुकवत नव्हता, त्याला दुकान उघडायची मनाई होती. माझ्या ओळखीचे दोघेतिघे अजून ती थकबाकी ओढतायत.

बाजाराचं याहून वाईट. आठवडी बाजाराच्या वसुलीचा वर्षभराचा लिलाव होतो, ठेकेदार आधी पैसे भरतो आणि मग जमिनीवर बसणाऱ्या प्रत्येकाकडून पावती फाडतो. बाजार बंद राहिला, तेव्हा ठेकेदाराने सवलतीचा अर्ज तरी केला. मेथीच्या चार जुड्या घेऊन बसणाऱ्या मावशींनी कुणाकडे अर्ज करायचा? बाजार पुन्हा भरला तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्यासमोर पावतीपुस्तक उघडलं गेलं. गिऱ्हाईक नव्हतं, भाजी अर्धी परत न्यावी लागली, पावतीचे पैसे मात्र भवानी व्हायच्या आधी गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून राग जात नाही.

एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले. चांगला निर्णय होता. पण तो नोंदणीकृत फेरीवाल्यांना. फेरीवाला कायदा 2014 चा. ज्या गावात सर्वेक्षणच धड झालं नव्हतं, तिथे यादीत नाव कुठून येणार? मदत मुंबईहून निघाली आणि आमच्या गावच्या वेशीवर यादीअभावी थांबली. यादी करणं हे नगरपरिषदेचं काम, त्याला फार पैसेही लागत नाहीत.

पैसा नाही, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी असताना सप्टेंबर 2020 मध्येच ऑक्सिजनचा पहिला प्लांट उभा राहिला. रुग्ण कमी होत गेले तरी काम थांबवलं नाही. दुसऱ्या लाटेत शेजारचे जिल्हे सिलिंडरसाठी धावत होते तेव्हा हे उपयोगी पडलं. खर्च साथ ओसरत असताना केला, एवढाच फरक.

स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी आणि 5 टक्के महिला व बालकल्याणासाठी राखायचा नियम आहेच. तसाच साथरोग सहाय्य निधी म्हणून एक-दोन टक्के दरवर्षी बाजूला टाका, आणि शिल्लक राहिली तर ती रस्त्याकडे वळवायची नाही असा ठराव करा. बाजाराच्या ठेक्यात अट घाला: आदेशाने बाजार बंद राहिला तर तेवढ्या दिवसांचा हप्ता माफ, आणि उघडल्यावर पहिला महिना जमिनीवर बसणाऱ्यांकडून पावती नाही. शास्ती माफ करणं एकट्या नगरपरिषदेच्या हातात नाही. पण आदेशाने धंदे बंद असतील त्या महिन्यांची शास्ती आकारू नये, असा ठराव करून सरकारकडे पाठवायला कुणी अडवलंय? शंभर नगरपरिषदांचे ठराव गेले तर मंत्रालयात फाईल हलेल. आणि फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, हमाल, बँडवाले, मंडपवाले यांची वॉर्डवार यादी याच वर्षी करा.

माझ्या मित्रयादीत बरेच नवे नगरसेवक आहेत. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीत होते. प्रत हातात आली की आरोग्य विभागाचं पान उघडून बघा, फवारणीच्या औषधापलीकडे तिथे काय लिहिलंय. काही नसेल तर सभेत उपसूचना मांडा, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या. बाकीच्यांनी आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला खाली टॅग करा.